नृत्य, नाटक आणि भाड्याची टेलिफोटो लेन्स

प्रश्न : मी सांगलीला राहते. आमच्या कथकवर्गाचा वार्षिक कार्यक्रम पुढच्या महिन्यात विष्णुदास भावे नाट्यमंदिरात होणार असून छायाचित्रे काढण्याचे काम यंदाही माझ्याकडेच आले आहे. माझ्याजवळ कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेल्या १८-५५ व ५५-२५० मिमीच्या दोन लेन्स आहेत. गेल्या वर्षी ५५-२५० ने टिपलेली बहुतेक छायाचित्रे हललेली आणि दाणेदार आली, म्हणून या वेळी पुण्याहून ७०-२०० मिमीची लेन्स भाड्याने आणण्याचा विचार आहे. दुकानात एफ/२.८ आणि एफ/४ अशा दोन्ही आहेत. एफ/४ चे भाडे बरेच कमी आहे आणि तिच्यातही स्टॅबिलायझेशन आहे, तेव्हा तीच न्यावी, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. मला रंगमंचापासून साधारण १२ मीटरवर, बाजूच्या मार्गिकेत उभे राहता येईल. मी कोणती लेन्स घ्यावी?

उत्तर : नृत्यासाठी एफ/४ ची लेन्स भाड्याने आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या गेल्या वर्षीच्या छायाचित्रांतच आहे. ५५-२५० ही लेन्स पूर्ण झूम केली की तिचे सर्वांत मोठे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/५.६ एवढेच उरते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). नाट्यगृहातला बऱ्यापैकी उजळ प्रकाश गृहीत धरला, तरी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० वर शटर स्पीड १/६० सेकंदाच्या आसपास येतो आणि तेवढ्या अवधीत नर्तिकेचा फिरता हात चित्रात फराटा उमटवून जातो. त्याच प्रकाशात एफ/४ वर १/१२५ मिळेल आणि एफ/२.८ वर १/२५०, कारण या दोन पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश दुप्पट होतो. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरते; समोरच्या व्यक्तीची हालचाल त्याने थांबत नाही. दुकानदाराचा सल्ला बैठकीत गाणाऱ्या गायकाच्या छायाचित्रांसाठी चुकीचा ठरला नसता, पण कथकासाठी तो चालणार नाही.

१/२५० सुद्धा चक्करांच्या ऐन मध्यावर अपुरा पडतो. तिथे १/५०० किंवा त्याहून अधिक वेग लागतो आणि त्यासाठी आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागतो, जी आपल्या कॅमेऱ्याची नेहमीच्या श्रेणीतली शेवटची मर्यादा आहे. मात्र कथकात छायाचित्रकाराची एक मोठी सोय आहे. चक्करे किंवा तिहाई (तीनदा म्हटला जाणारा बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन संपते तेव्हा नर्तिका क्षणभर निश्चल उभी राहते, आणि ज्याच्या कानात ताल आहे त्याला तो क्षण येण्याआधीच कळलेला असतो. आपण स्वतः त्या वर्गात शिकत असाल, तर बाहेरून बोलावलेल्या कोणत्याही व्यावसायिक छायाचित्रकारापेक्षा ही आपली जमेची बाजू आहे. समेच्या किंचित आधी बटण अर्धे दाबून फोकस धरून ठेवावा आणि समेवर दोन-तीन छायाचित्रे सलग घ्यावीत. गतभावासारख्या (अभिनयातून कथा सांगण्याच्या) संथ भागात १/१६० वरही स्वच्छ चित्र मिळते.

आता किती मिलिमीटरची लेन्स हवी, याचा विचार करू. बहुतेक जण इथे सवयीने २०० चा आकडा धरतात, पण तो जागेवरून ठरवायला हवा. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२.३ × १४.९ मिमीचा आहे. सेन्सरची बाजू गुणिले अंतर, भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा), एवढा हिशेब केला की समोरचा किती भाग चौकटीत मावेल ते कळते. १२ मीटरवरून २०० मिमीला कॅमेरा उभा धरला, तर जेमतेम १.३४ मीटर उंचीचा भाग मावेल, म्हणजे नर्तिकेचे पाय आणि घुंगरू बाहेर राहतील. १३५ मिमीला हीच उंची १.९८ मीटर होते आणि पूर्ण आकृती नीट बसते. ८५ मिमीला कॅमेरा आडवा धरल्यास ३.१५ मीटर रुंद व २.१ मीटर उंच भाग मिळतो, ज्यात एक नर्तिका मोकळ्या अवकाशासह किंवा दोघी-तिघी सामावतात. याचा अर्थ, आपल्या जागेवरून बहुतेक काम ७० ते १३५ च्या दरम्यान होईल आणि २०० ची गरज फक्त चेहऱ्यावरच्या भावांसाठी व हस्तमुद्रांसाठी पडेल. ७०-३०० सारखी लांब लेन्स तर आपल्या उपयोगाचीच नाही, कारण तिचे टोक पुन्हा एफ/५.६ वर येते.

म्हणून पहिली पसंती ७०-२०० मिमी एफ/२.८ लाच द्यावी. कॅननने ही लेन्स स्टॅबिलायझेशनशिवायही बनवली होती. ती दुकानात असेल आणि भाडे कमी असेल, तर निःसंकोच घ्यावी, कारण आपल्याला १/२५० च्या खाली फारसे जायचेच नाही. सोबत मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) मात्र घ्यावा. स्टॅबिलायझेशन असलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्त्यांचे वजन दीड किलोच्या घरात आहे आणि आपल्या हलक्या बॉडीपुढे ते बरेच जड वाटते, त्यामुळे मोनोपॉड दोन्ही प्रसंगी लागेलच. तो कॅमेऱ्याला न जोडता लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) जोडावा, नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागेवर, येतो.

एफ/२.८ चे भाडे झेपत नसेल तर काय करावे? तरीही एफ/४ कडे वळू नये. त्याऐवजी ८५ मिमी एफ/१.८ ही लहानशी, अर्ध्या किलोपेक्षाही हलकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स भाड्याने घ्यावी. एफ/२.८ च्या तुलनेत तिच्यात अडीच पटीच्या आसपास प्रकाश येतो, आणि २४ मेगापिक्सेलचे चित्र नंतर थोडे कापून घेता येते. कार्यक्रमात एकल नृत्ये जास्त असतील तर १३५ मिमी एफ/२ चाही विचार करावा. आपल्या अंतरावरून एका नर्तिकेसाठी तिच्याइतकी नेमकी बसणारी लेन्स दुसरी नाही, आणि एफ/२.८ पेक्षा दुप्पट प्रकाश मिळतो तो वेगळाच. झूम नसल्याची अडचण आठ-दहा जणींच्या समूहनृत्यात जाणवेल, पण तिथे तर ७०-२०० सुद्धा कमी पडते, कारण ७० मिमीला रुंदी चार मीटरही भरत नाही. समूहासाठी आपली १८-५५ वापरावी. समूहनृत्य बहुधा पूर्ण उजेडात असते, त्यामुळे तिचे लहान ॲपर्चरही चालून जाते.

एफ/२.८ वर २०० मिमीला १२ मीटरवरून स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सुमारे ४० सेंटीमीटर असते, हे लक्षात ठेवावे. एकीमागे एक उभ्या असलेल्या नर्तिका त्या पट्ट्यात मावणार नाहीत; कोणाच्या चेहऱ्यावर फोकस हवा ते आधी ठरवावे लागेल. आपल्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत, पण क्रॉस-टाइप (आडव्या व उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला आहे आणि मंद प्रकाशात तोच भरवशाचा. कॅमेरा उभा धरल्यावर हा बिंदू नर्तिकेच्या कमरेवर येतो. तेव्हा एआय सर्व्हो (हलत्या व्यक्तीवर सतत फोकस ठेवणारी सोय) लावून मधला बिंदू चेहऱ्यावरच ठेवावा, वर जास्तीची जागा सुटू द्यावी आणि नंतर चित्र कापून घ्यावे. पाय अजिबात सुटू नयेत असे वाटत असेल, तर झूम थोडा मागे घ्यावा.

एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती प्रकाश घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोपवू नये. मागचा काळा पडदा पाहून कॅमेऱ्यातला प्रकाशमापक चित्र उजळ करू पाहतो आणि स्पॉटखालचा चेहरा पांढराफटक पडतो. मॅन्युअल मोड वापरावा, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घ्यावी आणि चेहऱ्यावरचा उजळ भाग जळत नाही ना, ते मधूनमधून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावे. निव्वळ निळ्या किंवा लाल एलईडी प्रकाशातल्या चेहऱ्याचे तपशील कोणतीही लेन्स आणली तरी हाती लागत नाहीत, त्यामुळे पिवळसर किंवा पांढरा प्रकाश येईपर्यंत थांबणे बरे. फ्लॅश वापरण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकाशयोजनाकाराच्या मेहनतीवर पाणी पडते आणि फिरत्या नर्तिकेचे डोळे दिपतात.

भाड्याचे व्यवहार पुण्यात होणार असल्याने लेन्स शक्यतो स्वतः जाऊन आणावी आणि रंगीत तालमीचा दिवस भाड्याच्या मुदतीत धरावा. एका दिवसाचे भाडे वाचवण्यासाठी लेन्स थेट कार्यक्रमाच्या दुपारी हाती घेणे, ही आम्हांला खोटी काटकसर वाटते. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा धरतात की दुकान बंद होण्याच्या वेळेपर्यंतचा, अनामत रक्कम किती, आणि ओरखडा पडल्यास किंवा लेन्स पडल्यास भरपाई कशी ठरवणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. पावतीवर लेन्सचा अनुक्रमांकही असावा.

लेन्स ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाकून पुढून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि समोरून प्रखर स्पॉट आला की अशा लेन्सचे चित्र धुरकट होते. बारीक धूळ सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असते. तिची चिंता नको. झूमची व फोकसची कडी अडखळत नाही ना, हूड, कॉलर आणि दोन्ही टोप्या सोबत आहेत ना, ते तपासून सगळ्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती दुकानातच करावी. लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावून, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, चार-पाच मीटरवरच्या छापील मजकुरावर तिरक्या कोनातून फोकस करावा आणि चित्र मोठे करून पाहावे. फोकस सतत पुढे किंवा मागे पडत असेल तर ती लेन्स घेऊ नये, दुसरी मागावी. काही वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ही चूक सेटिंगमधून दुरुस्त करता येते. १५००डी मध्ये ती सोय नाही.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. मुलाच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी ठाण्यात एक जुनी निकॉन ८०-२०० मिमी एफ/२.८डी लेन्स अगदी स्वस्त भाड्यात मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : लेन्स उत्तम आहे, पण आपल्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालणार नाही. या एएफ-डी लेन्सना फोकस फिरवण्यासाठी बॉडीतली मोटर लागते आणि डी३००० व डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती नसते. अंधाऱ्या प्रेक्षागृहात हाताने फोकस करत एकांकिका टिपणे सरावाच्या माणसालाही जड जाते. नावात एएफ-एस असलेली निकॉनची ७०-२०० एफ/२.८, किंवा स्वतःची मोटर असलेली टॅमरॉन अथवा सिग्मा यांची त्याच मापाची निकॉन माउंटची लेन्स मागावी. हाच कॅमेरा जवळ असणाऱ्या इतर वाचकांनीही दुकानात फक्त “निकॉनची लेन्स हवी” असे न सांगता कॅमेऱ्याचा पूर्ण क्रमांक सांगावा. नव्या ई प्रकारच्या (ॲपर्चर विद्युत संकेताने बदलणाऱ्या) लेन्स डी५६०० वर व्यवस्थित चालतात, परंतु डी९० सारख्या जुन्या बॉडीवर त्यांचे ॲपर्चर बदलताच येत नाही.

प्रश्न : फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात आमच्या मंडळाच्या नाटकाचा प्रयोग आहे. सोनीचा ए७ थ्री कॅमेरा आणि भाड्याने ७०-२०० मिमी एफ/४ असा बेत आहे. एफ/२.८ लाच हवी का? शिवाय आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर वापरले, तर मागच्या प्रयोगात चित्रांवर आडवे पट्टे आले होते.

उत्तर : कथकाबद्दल आम्ही वर दिलेला निर्णय इथे जसाच्या तसा लागू होत नाही. संवाद बोलणारा नट बराच वेळ एका जागी उभा किंवा बसलेला असतो आणि १/१२५ ते १/१६० वर त्याचे चांगले चित्र मिळते. आपला सेन्सर पूर्ण आकाराचा असल्याने आयएसओ ६४०० वरचे दाणेही सहज खपतात, आणि बॉडीतले स्टॅबिलायझेशन अशा स्थिर प्रसंगांत खरोखर कामाला येते. एफ/४ पुरेल. अपवाद म्हणजे दिवाबत्तीचे किंवा रात्रीचे प्रवेश. तेवढ्यांसाठी जवळ ८५ मिमी एफ/१.८ असली म्हणजे झाले.

पट्ट्यांचा दोष लेन्सचा नाही. सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि त्यात बराच वेळ जातो. तेवढ्यात एलईडी दिवे अनेकदा उजळतात-मंदावतात, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळपट येतात. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने विजेवर थेट लुकलुकणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यांच्यासाठी १/१०० किंवा १/५० हा वेग ठेवल्यास पट्टे बहुतांशी जातात. डिमरने मंद केलेल्या एलईडीची लय मात्र प्रत्येक दिव्यागणिक वेगळी असू शकते, त्यामुळे रंगीत तालमीत प्रकाशयोजनेतला प्रत्येक बदल होताना दोन-तीन शटर स्पीडवर चाचणी घेऊन कोणता चालतो ते टिपून ठेवावे. ज्या प्रवेशात एकही वेग जमत नाही तिथे मेकॅनिकल (नेहमीचे, आवाज करणारे) शटर लावून पार्श्वसंगीताच्या किंवा हशा-टाळ्यांच्या आवाजात छायाचित्रे घ्यावीत. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर (लुकलुकीचा परिणाम टाळणारी) सोयही मेकॅनिकल शटरबरोबरच चालते.

एवढे वाचूनही एफ/२.८ च घ्यायची असेल, तर सोनीच्या जी मास्टर ७०-२०० ची कोणती आवृत्ती देणार ते आधी विचारावे. पहिली १,४८० ग्रॅमची आहे आणि २०२१ मध्ये आलेली दुसरी १,०४५ ग्रॅमची. तीन अंकी नाटकात हा फरक मनगटाला दुसऱ्या अंकापासूनच कळू लागतो.