मनपा शाळेतल्या मुलांसाठी नेमकं काय करावं?

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय, होटगी रोडला राहतो. आमच्या सोसायटीत पंधरा हजार जमलेत, पूर्व भागातल्या एका महापालिका शाळेत वह्या-दप्तरं वाटायचं चाललंय. पण आमची मिसेस म्हणते, वह्या वाटून पोरं पुढं जातात का? तुम्हीच सांगा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: काका, काकूंचं मला एकदम पटलं. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारच फुकट देतं, वह्या वाटणारेही जूनमध्ये भेटतात. अडतंय ते दुसरीकडंच. आई घरी विड्या वळत बसलेली, वडील लूमवर, घरात बोलणं तेलुगूत आणि शाळेचं माध्यम मराठी, मग संध्याकाळी गणित अडलं तर त्या पोरानं विचारायचं कुणाला?

तुम्ही बँकेतले, म्हणजे फॉर्म, खातं, आधार लिंक हे तुमच्या हातचं काम, तिथंच पहिली मदत करा. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळेतली पोरं बसू शकतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि सातवीला 55 टक्के (एससी-एसटीला 50). निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000, आणि घरात एवढा आधार असला की दहावीनंतर पोरगं कामाला लावायचं जरा तरी लांबतं हो. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी 90 प्रश्न, सराव करून घेणारं कुणी असलं तर जमण्यासारखं आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी स्कॉलरशिप आहे, तिचा फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ऑनलाइन भरतात, त्याला आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं आणि शाळेनं ऑनलाइन व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर फॉर्म तिथंच पडून राहतो. हे मागं लागून करणारं माणूस हवंय, मला तर हेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

थेट वर्गात जाऊ नका. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बसा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत 75 टक्के पालक असतात, त्या आयांनाच विचारा काय पाहिजे ते, आपण ठरवून नेलेलं त्यांच्या कामाचं असेलच असं नाही. अभ्यासवर्ग शाळेतच घ्या, काकूंना किंवा अजून एखाद्याला सोबत घेऊन, पोरांना एकटं घरी बोलावू नका. एखादी तेलुगू येणारी कॉलेजची पोरगी मिळाली तर फारच छान, लहान पोरं तिच्याशी लगेच बोलतील. आणि परीक्षेपर्यंत दर आठवड्याला जमणार असेल तरच सुरू करा, मधेच सोडलं की पोरं हिरमुसतात.

आता ते पंधरा हजार. उत्पन्नाच्या दाखल्याचा खर्च, झेरॉक्स, सरावाच्या प्रश्नपत्रिका, परीक्षेच्या दिवशी सेंटरवर जायला रिक्षा, यासाठी ठेवा. हिशोब समितीला दाखवत चला म्हणजे पुढच्या वर्षी सोसायटीतले अजून चार जण येतील.