वाचकांचे प्रश्न : ज्यांनी बॉम्ब बनवला, त्यांनीच त्याला विरोध का केला?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यावर, म्हणजे अण्वस्त्रांविरुद्ध १९५५ साली निघालेल्या शास्त्रज्ञांच्या पत्रकावर, चर्चा झाली. एका सदस्याचे म्हणणे असे की, शास्त्रज्ञांनी आधी अणुबॉम्ब बनवला आणि मग त्याच्याविरुद्ध पत्रके काढली, म्हणजे हा ‘बैल गेला नि झोपा केला’ असाच प्रकार झाला. हे म्हणणे योग्य आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आपल्या सदस्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही, पण पुरताही खरा नाही, कारण बैल गोठ्यात होता तेव्हाच काहींनी हाक दिली होती. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाचेच उदाहरण घ्या. हिटलरच्या हाती अणुबॉम्ब आधी पडेल या भीतीने १९३९ साली आइनस्टाइन यांच्या सहीचे पत्र अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवण्यात त्यांचाच पुढाकार होता. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला आणि ज्या भीतीपोटी काम सुरू झाले होते ती भीतीच उरली नाही. त्यानंतर जूनमध्ये बॉम्बच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेतील जेम्स फ्रांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवाल दिला की, हे अस्त्र जपानी शहरावर न टाकता निर्जन जागी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. जुलैमध्ये झिलार्ड यांनी अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला आणि त्यावर सत्तर जणांनी सह्या केल्या. तो अर्ज तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला.

मला स्वतःला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती जोसेफ रोटब्लाट यांची कृती. वॉर्सामध्ये जन्मलेले हे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ युद्धाच्या तोंडावर इंग्लंडला आले. पत्नी मागे राहिली आणि ज्यूंच्या संहारात तिचा अंत झाला. म्हणजे जर्मनीविरुद्ध अस्त्र बनवण्याचे कारण ज्याच्या घरातच होते, असा हा माणूस होता. ते १९४४ मध्ये लॉस अलामॉसला, जिथे अमेरिका बॉम्ब बनवत होती तिथे, कामावर रुजू झाले, पण जर्मनांनी बॉम्बचा नाद सोडल्याचे वर्षअखेरीस कळताच त्यांनी तो प्रकल्प सोडला. ते रशियाचे हेर असावेत असा संशय घेण्यात आला आणि सोडण्याचे खरे कारण कोणाला सांगू नका, अशी तंबी मिळाली. वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीत त्यांची कागदपत्रांची पेटीही नाहीशी झाली. पुढे त्यांनी आपले भौतिकशास्त्र लंडनच्या रुग्णालयात वैद्यकीय कामासाठी वापरले.

विरोध करणारे हेच लोक का होते, याचे उत्तर रोटब्लाट यांच्या पुढच्या कामात मिळते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमाच्या बॉम्बहून तो सुमारे हजारपट शक्तिशाली होता. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख भुरभुरत राहिली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये दगावला. बोटीवरील राखेची जपानी शास्त्रज्ञांनी केलेली मोजमापे रोटब्लाट यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी त्यावरून हिशेब मांडला की, या बॉम्बच्या शक्तीचा मोठा भाग बाहेरच्या युरेनियमच्या कवचाच्या विखंडनातून, म्हणजे त्यातील अणू फुटण्यातून, आलेला आहे, म्हणूनच तो इतकी किरणोत्सारी धूळ पसरवतो. सरकारने लपवलेली ही गोष्ट सामान्य माणसाला स्वतःहून कळणे शक्यच नव्हते. ज्याला ती कळली त्याने ती बोलून दाखवायला हवी होती, आणि रोटब्लाट यांनी ती बोलून दाखवली.

प्रश्न : आइनस्टाइन यांनी मृत्यूपूर्वी या जाहीरनाम्यावर सही केली असे ऐकले. ही दंतकथा तर नाही?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही, ही घटना खरी आहे. आइनस्टाइन यांनी ११ एप्रिल १९५५ रोजी सही केली आणि १८ एप्रिलला ते वारले. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल त्या वेळी रोमहून पॅरिसला जाणाऱ्या विमानात होते. निधनाची बातमी त्यांना विमानातच कळली आणि आता सगळा बेत फसला असे त्यांना वाटले. पॅरिसला उतरल्यावर आइनस्टाइन यांचे सहीसह आलेले पत्र त्यांना मिळाले. ९ जुलै १९५५ रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पत्रकारांसमोर हा जाहीरनामा वाचला गेला, तेव्हा अध्यक्षस्थानी रोटब्लाट होते. सही करणाऱ्या अकरा जणांपैकी नऊ जण त्या वेळीच नोबेल विजेते होते. ‘आपली माणुसकी आठवा आणि बाकीचे सारे विसरा’ हे आवाहन त्यातच आहे. फ्रान्सचे कम्युनिस्ट शास्त्रज्ञ जोलिओ-क्युरी आणि राजकारणात त्यांच्याशी मुळीच न जुळणारी माणसे एकाच कागदावर आली, हे शीतयुद्धाच्या त्या दिवसांत सोपे नव्हते.

प्रश्न : सह्यांनी नेमके काय साधले? अण्वस्त्रे तर वाढतच गेली.
– एक अभियंता, ठाणे

उत्तर : ती वाढत गेली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु एक गोष्ट बऱ्याच अंशी थांबली, ती म्हणजे अण्वस्त्रांच्या हवेतील चाचण्या, आणि ती कशी थांबली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. हवेत केलेल्या चाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर पडते, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जाते आणि गुणधर्माने कॅल्शियमसारखे असल्यामुळे हाडांत व दातांत साठते. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात डॉ. लुईझ राइस आणि बॅरी कॉमनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. आया दात पाकिटात घालून माहितीच्या कार्डासह टपालाने पाठवत आणि ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असे लिहिलेला बिल्ला मुलाला मिळे. जमलेल्या दातांची संख्या पुढे लाखांत गेली. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे द्रव्य वाढत गेल्याचे दिसले, आणि ज्या आईने तो दात पाठवला तिला हे कोणा मंत्र्याने समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

याच काळात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी चाचण्या थांबवण्याचा अर्ज तयार केला आणि जानेवारी १९५८ मध्ये नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांसह तो संयुक्त राष्ट्रांना सादर केला. अमेरिकी सिनेटच्या समितीने १९६० मध्ये त्यांना बोलावून सह्या गोळा करणाऱ्या साहाय्यकांची नावे मागितली. त्यांनी ती दिली नाहीत. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत झालेल्या कराराने हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या करण्यास बंदी आली. तो करार १० ऑक्टोबरला लागू झाला, आणि पॉलिंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले तेही त्याच दिवशी. चाचण्या भूमिगत चालूच राहिल्या, फ्रान्स आणि चीनने सही केली नाही, हे या कराराचे अपुरेपण. तरीही मुलांच्या हाडांत जाणारे विष कमी होऊ लागले. हा लाभ मी लहान मानायला तयार नाही.

प्रश्न : या चळवळीत आपल्याकडचे कोणी होते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : होते, आणि आपण गोव्यातून विचारता म्हणून त्यातले एक नाव प्रथम सांगतो. गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे जागतिक शांतता परिषदेचे सदस्य होते. पुण्यात राहून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करण्यासाठी डेक्कन क्वीनने ये-जा करत. भारताच्या अणुकार्यक्रमाची पायाभरणी ज्या संस्थेतून झाली, तिथेच पगारावर असताना, आपल्या देशाने अणूपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे वळावे, असे ते उघडपणे मांडत.

सरकारी पातळीवर नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत सर्व चाचण्या तूर्त थांबवण्याची सूचना केली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून दौलतसिंह कोठारी यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर १९५६ साली पुस्तक तयार केले. १९५५ च्या जाहीरनाम्यानंतरची शास्त्रज्ञांची पहिली परिषदही दिल्लीत भरवण्याची नेहरूंची तयारी होती. इजिप्तमधील सुवेझ कालव्यावरून उद्भवलेल्या संकटामुळे ते जमले नाही आणि जुलै १९५७ मध्ये ती कॅनडातील पगवॉश या खेड्यात भरली.

पोखरणच्या १९९८ मधील स्फोटांनंतर विरोधाचा आवाज उठवणाऱ्यांत मुंबईच्या माटुंग्यात जन्मलेले माजी नौदलप्रमुख लक्ष्मीनारायण रामदास होते. अलिबागजवळ शेती करत राहणाऱ्या या ॲडमिरलना २००४ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासमवेत.