वाचक विचारतात : स्टेनो यंत्र

प्रश्न : अमेरिकेतल्या कोर्टात रिपोर्टर जवळजवळ आवाज न करणाऱ्या छोट्या यंत्रावर सगळी साक्ष टिपतो. इतक्या थोड्या कळांवर हे जमतं कसं? शब्द एकमेकांत मिसळत नाहीत का?

उत्तर : कळा २२च, पण त्या एकेक न दाबता पेटीच्या स्वरांसारख्या एकत्र दाबतात. डावी बोटं सुरुवातीची व्यंजनं, अंगठे स्वर आणि उजवी बोटं शेवटची व्यंजनं धरतात. म्हणजे एका दाबात उच्चाराचा एक तुकडा किंवा अख्खा शब्द. सुरुवातीच्या ‘डी’ला कळच नाही! डावी अनामिका ‘टी’ आणि ‘के’ यांच्या फटीवर टेकवायची. दोन्ही दबल्या की ‘डी’. त्याच वेळी डाव्या अंगठ्याने ‘ओ’, उजव्या अनामिकेने ‘जी’ : झाला ‘डॉग’. तिथल्या राष्ट्रीय आरपीआर (नोंदणीकृत व्यावसायिक रिपोर्टर) परीक्षेत साक्षीचा वेग मिनिटाला २२५ शब्द लागतो, अचूकता ९५ टक्के.

मिसळतात, हो. सगळी बोटं उचलली गेल्यावरच यंत्र दाब नोंदवतं. घाईत पुढची कळ आधीच दबली तर दोन दाबांचा एक होतो आणि संगणकावर निरर्थक अक्षरं उमटतात. उलट बोट शेजारच्या कळेला नुसतं घासलं तरी जादा अक्षर येतं. तिथे कळांचा ताण वाढवावा. पक्षकारांची, औषधांची नावं आदल्या दिवशीच संगणकातल्या, दाबांचे शब्द करणाऱ्या शब्दकोशात घालावीत. यात केलेली कामचुकारी सर्वांत महाग पडते.

आपल्याकडे साक्ष सहसा न्यायाधीशांच्या सांगण्यावरून सलग निवेदन म्हणून टंकली जाते, त्यामुळे या यंत्राची गरज क्वचितच भासते.