टेपचं कपाट आधी उघडून बघ

कॉव्हेंट्री, मंगळवार रात्र

प्रिय पोरी,

रविवारी फोनवर तू त्या रग्बी क्लबातल्या फिजिओच्या नोकरीची ऑफर वाचून दाखवलीस तेव्हा मागे कुणाचा तरी मिक्सर चालू होता, त्यामुळे निम्मं मला नीट ऐकू आलं नाही. एक वाक्य मात्र स्पष्ट कानावर पडलं. "काका, गेल्या महिन्यात तिथले पगार सहा दिवस उशिरा झाले म्हणे, पण क्लब मोठा आहे हो." मी नुसतं हं म्हणालो. त्या हं मध्ये काय काय होतं ते आता लिहितो.

मोठा क्लब कसा जातो ते मी माझ्याच गावात पाहिलंय. वॉस्प्स म्हणजे 1867 सालचा रग्बी क्लब. 2004 आणि 2007 मध्ये युरोपचा विजेता. 2014 च्या अखेरीस हाय विकमच्या भाड्याच्या मैदानावरून उठून शंभरेक किलोमीटरवर इथे आला आणि आमचं स्टेडियमच विकत घेतलं. पैसा कुठून? पुढच्या वर्षी साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, म्हणजे लोकांकडून व्याजाने कर्ज घेतलं. साडेसहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत, किमान दोन हजार पौंड. चाहत्यांनीही घेतले. आपल्याकडे पतपेढीत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून फंडाचे पैसे नेऊन ठेवणारा एक मामा प्रत्येक घरात असतो, तसंच. मे 2022 मध्ये मुदत भरली तेव्हा परत द्यायला पैसे नव्हते. 17 ऑक्टोबरला क्लब दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकांच्या हाती गेला आणि खेळाडू-कर्मचारी मिळून 167 जणांची नोकरी त्याच दिवशी संपली. कॅन्टीनवाले, तिकीटवाले, तुझ्यासारखे फिजिओ, सगळे त्यात आले.

त्याच्या तीन आठवडे आधी वुस्टर वॉरियर्स या दुसऱ्या रग्बी क्लबचं तेच झालं. ते प्रकरण तू नीट समजून घे, कारण तुझ्या करारात मला तेच बघायचंय. तिथे पगार आधी उशिरा आले, मग बिगरखेळाडू कर्मचाऱ्यांना अर्धेमुर्धे आले. तरी लोक मैदान चालवत राहिले. 24 सप्टेंबर 2022 ला, पुढच्या पगाराची खात्री नसलेल्या पोरांनी सिक्सवेज या घरच्या मैदानावर न्यूकॅसलला 39-5 असं झोडपलं. दोनच दिवसांनी क्लब निलंबित. पण खरा घाव 5 ऑक्टोबरला बसला. क्लबची एक कंपनी नव्हतीच. व्यवहार एका कंपनीकडे आणि खेळाडूंचे करार दुसरीकडे. थकलेल्या करापोटी कोर्टाने ती दुसरी कंपनी गुंडाळली आणि तिच्या नावावरचे सगळे करार त्याच दिवशी संपले. जर्सीवर नाव एक, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं. मैदानाभोवतीच्या जमिनीच्या व्यवहारांबद्दल तर पुढे खासदारांच्या समितीतही प्रश्न विचारले गेले.

असं सरकारी देणं थकतं म्हणजे काय, हे तुला पुण्यातल्या गोष्टीवरून सांगतो. मी इंग्लंडला येण्याआधी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या हिशेब विभागात होतो. नाव कशाला घेऊ, आता तिथे फ्लॅट उभे आहेत. आमच्या पगारातून पीएफ दर महिन्याला कापला जायचा, चिठ्ठीवर छापूनही यायचा, आणि भरला मात्र जात नव्हता. चलनांची फाइल माझ्याच टेबलावर असायची. साहेब म्हणायचे, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम टाकू. आणि मी, हिशेबातला माणूस, सात महिने ते ऐकत राहिलो. मला अक्कल कुणी दिली? गेटवरच्या चहावाल्याने. एके दिवशी त्याने कंपनीची उधारी बंद केली. "तुमचं नाही साहेब, तुमच्या शेठचं." त्याला ताळेबंद वाचता येत नव्हता, पण मालकाचा ड्रायव्हर डिझेलचे पैसे कसे देतो हे तो रोज बघत होता.

म्हणून सांगतो, तिथे भेटायला जाशील तेव्हा बोर्डरूमच्या काचेकडे बघू नकोस. फिजिओच्या खोलीतलं टेपचं कपाट उघडून बघ. खेळाडूंचे सांधे बांधायची स्ट्रॅपिंग टेप किती आहे, एकाच कंपनीची आहे की जिथून मिळेल तिथून आणलेली. तिथल्या जुन्या माणसाला सहज विचार, माल उधारीवर येतो की आधी पैसे भरावे लागतात? स्कॅनसाठी खेळाडूला पाठवायचं तर कुणाकुणाची सही लागते? हे प्रश्न तुझ्या कामाचेच आहेत, कुणाला राग येणार नाही. आणि उत्तर देण्याआधी समोरचा दाराकडे बघतो का, तेवढं बघ.

तू विचारशील, एवढे प्रेक्षक येतात, टीव्हीवर दिसतं, मग पैसा जातो कुठे? अगं, घरच्या मैदानावर वर्षाला जेमतेम डझनभर लीग सामने. बाकीचे दिवस गवत कापायचं आणि दिवाबत्तीचं बिल भरायचं. समोर संघाच्या पगाराची मर्यादा, कोविडमध्ये 50 लाख पौंडांवर आणलेली, पुढे परत 64 लाखांवर नेलेली. मर्यादा म्हणजे तेवढं खर्च कर असा अर्थ नाही, पण शेजारी करतो म्हणून सगळे करतात. गावात लग्नात एकाने बँड आणला की पुढच्याला डीजे लागतोच. वर्षअखेरीचा खड्डा कुणीतरी श्रीमंत मालक भरणार. त्याचा जीव रमला तोवर क्लब जिवंत. 2018 च्या डिसेंबरमध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने प्रीमियरशिपचा, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या रग्बी लीगचा, 27 टक्के हिस्सा वीस कोटी पौंडांहून जास्त देऊन घेतला, क्लबांच्या हाती एकदम रोकड आली. माझ्या मते ते शेताचा तुकडा विकून लग्न करण्यासारखं होतं. पैसा त्या हंगामाचा, आणि उत्पन्नातला वाटेकरी कायमचा. मग कोविड आला, सरकारी कर्जं आली. 13 क्लबांची लीग 10 वर आली.

आणि गुणतक्त्यावर जाऊ नकोस. लंडन आयरिश 2023 मध्ये पाचवा आला आणि जूनमध्ये लीगबाहेर काढला गेला. जर्सी रेड्सने त्याच मोसमात दुसरा विभाग जिंकला, म्हणजे तुझ्या ऑफरवाल्याच विभागात पहिला आला, आणि सप्टेंबरअखेर बंद पडला. वुस्टर 2025 मध्ये नव्या मालकाच्या हाताखाली पुन्हा खेळायला लागलं, न्यूकॅसल त्याच वर्षी रेड बुलने घेतलं, हे खरं. चाहत्यांना त्यात आनंद आहे, मलाही आहे. पण 2022 चे फिजिओ काही तीन वर्षं गेटवर उभे नव्हते.

नीट बंद झालेला क्लब मला एकच आठवतो आणि तो आपल्याकडचा आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब, 1870 च्या दशकातला. नाव फुटबॉलचं, खेळ रग्बीचा. साहेब लोकांचा. फुकटची दारू बंद झाली तसे सभासद गळाले असं सांगतात. मग उरलेल्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले, नागाच्या तीन मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला पेला घडवला आणि 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्याच कलकत्ता कपासाठी भांडतात. बंद होताना खात्यात शिल्लक होती, हे मला त्या नक्षीपेक्षा जास्त आवडतं.

आता तुझं. तू इथली नागरिक असतीस तर मी म्हटलं असतं, जा, अनुभव घे, बुडाला तर दुसरा बघू. पण तुझा व्हिसा मालकाला बांधलेला आहे. क्लब बंद पडला तर गृहखात्याचं पत्र आल्यावर साधारण 60 दिवसांत व्हिसाची जबाबदारी घेणारा नवा मालक शोधायचा, नाहीतर बॅग भरायची. थकलेला पगार सरकारी निधीतून मिळतो, पण जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा आणि आठवड्याला ठराविक रकमेपर्यंतच. नोकरी गेल्याची कायदेशीर भरपाई दोन वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होते. तुझा करार आहे दोन वर्षांचा. कळलं ना?

तरी मी नको म्हणत नाही. तुला हे काम आवडतं, शनिवारी चिखलात धावत जायला आवडतं, आणि हॉस्पिटलात तू कोमेजतेस हे मी पाहिलंय. घ्यायची तर घे, पण तीन महिन्यांचा खर्च खात्यात बाजूला ठेवून घे, आणि दुसरीकडचा अर्ज मागे घेऊ नकोस. रुजू झालीस तर पेन्शनचं ॲप पहिल्याच महिन्यात उतरवून घे. पगाराच्या चिठ्ठीवर कपात छापणं सोपं असतं. पैसे खरंच पोचले का ते ॲपमध्ये दिसतं. एक महिना मागेपुढे झाला तर मला सांग. दोन महिने आले नाहीत तर मला सांगत बसू नकोस, अर्ज करायला लाग. मी सात महिने थांबलो होतो.

त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय म्हणालीस. त्याआधी कराराच्या पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव. तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं पूर्ण नाव असेल आणि शेजारी आठ अंकी नोंदणी क्रमांक. कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणीच्या साइटवर तो टाकला की हिशेब वेळेवर दाखल झालेत का, मैदान कुणाकडे तारण आहे, संचालक कधी आणि किती सोडून गेले, सगळं फुकट दिसतं. मी चष्मा लावून बसतो. फोटो सरळ काढ, मागच्या वेळी निम्मं पान तुझ्या अंगठ्याखाली होतं.

तुझा,
काका