नोड मॉड्यूल्समधली दुरुस्ती टिकवायची कशी?

प्रश्न : आमच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अ‍ॅपमधल्या एका लायब्ररीत दोन ओळींचा बग सापडला. लायब्ररी जिथे इन्स्टॉल होतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये जाऊन तो दुरुस्त केला. माझ्याकडे अ‍ॅप चालतं, पण सहकाऱ्यांकडे बग तसाच. लायब्ररी फोर्क करावी का, म्हणजे तिची स्वतःची वेगळी प्रत काढून वापरावी का?

उत्तर : दोन ओळींसाठी फोर्क मुळीच नको, तो पुढे वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. नोड मॉड्यूल्स सहसा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, जात नाही, म्हणून दुरुस्ती तुमच्यापुरतीच राहिली. एकदा सगळ्या लायब्ररी नव्याने इन्स्टॉल करणारी 'एनपीएम सीआय' ही कमांड चालवलीत की तुमच्याकडूनही जाईल, कारण ती कमांड आधी तो फोल्डरच पुसते.

अशी दुरुस्ती जपून ठेवणारं पॅच-पॅकेज हे साधन इन्स्टॉल करा. मग 'एनपीएक्स पॅच-पॅकेज' आणि पुढे लायब्ररीचं नाव, एवढी कमांड द्या. पॅचेस फोल्डरमध्ये फरकाची फाइल तयार होते. ती गिटमध्ये कमिट करा. पॅकेज डॉट जेसनच्या स्क्रिप्ट्समध्ये पोस्टइन्स्टॉलसमोर पॅच-पॅकेज लिहिलं की प्रत्येक इन्स्टॉलनंतर पॅच आपोआप लागतो.

कमिट करण्याआधी ती फाइल उघडून वाचाच. अँड्रॉइड बिल्ड आधी चालवलं असेल, तर लायब्ररीच्या अँड्रॉइड फोल्डरमधला बिल्ड फोल्डरही पॅचमध्ये शिरतो आणि दोन ओळींच्या हजारो होतात. तो फोल्डर पुसून पॅच पुन्हा बनवा. बदल करूनही अ‍ॅपमध्ये दिसत नसेल, तर मेट्रो (अ‍ॅपचा जावास्क्रिप्ट कोड एकत्र बांधणारं साधन) 'रिसेट-कॅश' पर्यायाने सुरू करा. तरीही नाही दिसला, तर अ‍ॅप नक्की कोणती फाइल उचलतं ते बघा. पुष्कळदा आपण सोर्समध्ये बदल करतो आणि चालत असतो डिस्ट फोल्डरमधला, आधीच बिल्ड केलेला कोड.

लायब्ररीची आवृत्ती तिच्यापुढचा कॅरेट (^) काढून पक्की करा. नव्या आवृत्तीत आजूबाजूच्या ओळी बदलल्या की पॅच लागत नाही. सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) तिथेच बिल्ड अडतं. आपल्या मशीनवर मात्र फक्त लाल अक्षरं येतात, इन्स्टॉल यशस्वी ठरतं आणि जुना बग परत येतो. ते टाळायला पोस्टइन्स्टॉलमध्ये 'एरर-ऑन-फेल' हा पर्याय जोडा.

आणि तीच दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवा. स्वीकारली गेली, तर पॅच काढून टाकता येईल.

प्रश्न : आम्ही एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरतो. हेच करायचं का?

उत्तर : नाही, त्यात सोय आतच आहे. 'पीएनपीएम पॅच' आणि लायब्ररीचं नाव द्या, दाखवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये बदल करा, मग त्याच फोल्डरच्या पाथसह 'पीएनपीएम पॅच-कमिट'. नोड मॉड्यूल्समध्ये थेट हात घालू नका. तिथल्या फाइल्स बऱ्याचदा सामायिक स्टोअरच्या हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइल्सची दुसरी नावं, असतात. तुमचा बदल त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रकल्पांतही उमटेल.