गुप्तधनाचे राखणदार

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावरील जुन्या लिंबाखाली मोहरांचा हंडा पुरलेला असून त्यावर नाग बसलेला आहे, असे आजी सांगत असे. डब्लिनला नोकरीस असलेला माझा भाचा म्हणतो, की आयर्लंडमध्येही गावोगावी अशा कथा आहेत. तिथे धनाची राखण कोण करते? आणि असे धन कधी सापडले आहे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून गावातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी वह्यांत लिहवून घेतल्या, आणि मुलांना दिलेल्या विषयांत गुप्तधन हा विषय अगदी आरंभीच होता. एका शिक्षिकेला या उपक्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

त्या कथांत सोन्याने भरलेले मडके बहुधा मातीच्या गोल तटबंदीच्या प्राचीन वस्तीत, एकट्या उभ्या असलेल्या काटेरी झाडाखाली किंवा पडक्या मठात असते, आणि ते पुष्कळदा ‘डेन’ लोकांनी, म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या उत्तरेकडील आक्रमकांनी, पुरले असे सांगितले जाते. आपल्याकडे पायाळू माणसाला धन दिसते असे मानतात. तिथे एकच स्वप्न लागोपाठ तीन रात्री पडावे लागते. राखणीला काळा कुत्रा, मांजर, बैल, कधी सापही असतो, तर कधी धन पुरताना त्याच जागी मारलेल्या माणसाचे भूत असते. मला सर्वांत हेलावून टाकणारा प्रसंग वेगळाच वाटतो : खणणाऱ्यांची कुदळ दगडी झाकणावर आपटते, तेवढ्यात कोणी मागे वळून पाहतो तर स्वतःचे घर पेटलेले दिसते; सगळे धावत सुटतात, घर जसेच्या तसे उभे असते, आणि परतून पाहावे तर खड्ड्याचा मागमूसही नसतो. जिवाचे भय घालणाऱ्या राखणदारापेक्षा घराची ओढ लावणारा हा राखणदार मला अधिक जाणता वाटतो.

धन खरोखरही सापडले आहे. १८६८ मध्ये लिमरिक परगण्यातील आर्डा येथे, अशाच एका गोल तटबंदीच्या जागी, बटाटे खणताना आठव्या शतकातील चांदीचा चषक आणि चार कलाकुसरीच्या पिना हाती लागल्या. स्वप्न, मंत्र, कुत्रा यांपैकी काहीही आड आले नाही. तो चषक आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भाच्याने तो अवश्य पाहावा.

बांध मात्र कोणाच्या सांगण्यावरून खणू नये. आपल्याकडे १८७८ च्या कायद्यानुसार सापडलेल्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि धनासाठी अघोरी विधी करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आजींची गोष्ट मात्र, बांध कोणता, लिंब केवढा, नाग कोणी पाहिला, हे सारे त्यांच्याच शब्दांत आम्हाला लिहून पाठवावे.