कपाट आवरायला घेतलं की रडू का येतं?

"दोन तासांत आवरते म्हणून कपाट उघडते आणि संध्याकाळी सगळं तसंच कोंबून दार लावते. मी इतकी आळशी आहे का हो?"

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. त्या दिवशी तो विचारणाऱ्या ताई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घर टापटीप, वह्या वेळेवर तपासलेल्या. यांना आळशी कोण म्हणेल?

मी विचारलं, "आधी हात कुठल्या कप्प्याला लावता?"

"वरच्या. सासूबाईंच्या साड्या आहेत तिथे."

सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांच्या नऊवारींखाली ताईंचे जुने ब्लाऊज, आतली माया पूर्ण उसवूनही आता न होणारे. त्यात यजमान दारातून म्हणणार, "देऊन टाक की सगळं!" मग रडू, मग कोंबाकोंबी.

चुकत होता तो क्रम. हातातली वस्तू सोडणं कुणालाच सोपं नसतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि लगेच विकायला सांगितले, तर त्यांनी घेणाऱ्यांच्या तयारीपेक्षा साधारण दुप्पट किंमत मागितली. नुकत्याच मिळालेल्या मगची ही गत, तर सासूबाईंच्या साडीचं काय!

म्हणून आधी साड्यांचं गाठोडं बांधून बाजूला ठेवायला सांगितलं. सुरुवात गाऊन, ओढण्या, मोजे यांपासून. विरलेलं, इलॅस्टिक गेलेलं काढताना जीव अडकत नाही. वीस मिनिटांचा गजर लावायचा, एकच कप्पा पलंगावर रिकामा करायचा, आणि पलंग मोकळा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ठरत नसेल ते वेगळ्या पिशवीत, वर तारीख लिहून. द्यायचं ते त्याच दिवशी बोहारणीला किंवा गरजूंना. पिशवी दाराशी राहिली की अर्धे कपडे परत कपाटात जातात, हे मी फार घरांत पाहिलंय. यजमानांना एवढंच काम दिलं: सल्ला नको, पिशवी खाली पोचवा.

ब्लाऊजांपैकी एक त्यांना सोबत आणायला सांगितला. मरून रंगाचा, बाहीला बारीक जरीचा काठ. तो काठ बोटांनी चाचपत त्या बराच वेळ बोलल्या. मुलीच्या बारशाला घातला होता. तो ठेवला, बाकीचे दिले.

साड्यांचा निर्णय एकटीनं घेऊ नका, म्हटलं. त्यांनी दोघी नणंदांना बोलावलं. ज्याच्या त्याच्या आवडीची एकेक गेली. मऊ सुती नऊवारी गोधडीला दिल्या. जरीची एक ताईंनी पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवलीय. तिची घडी मात्र अधूनमधून बदलायला हवी, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते.

पण खोलीत चालायला जागा नाही, पलंगावर झोपता येत नाही आणि कागदाचा कपटाही टाकवत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ पासून याची नोंद स्वतंत्र आजार म्हणून केली आहे. तिथे गजर पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि घरच्यांनो, त्या माणसाच्या माघारी सामान फेकू नका. विश्वास उडाला की ते उपचारालाही तयार होत नाहीत.